‘शेवटी शिवणकामच ते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तेव्हा जे लिहिलं ते सगळं खोडलं आणि दोन दिवस थांबले. प्रतिक्रियेखालच्या चौकटीत एवढं मावणार नाही, म्हणून ही वेगळी नोंद.

ज्यांना मागचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भानू अथय्या यांच्यावर मी गेल्या आठवड्यात इथे लेख लिहिला. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून २००४ च्या ‘स्वदेस’पर्यंत, रहस्यपट, मुस्लिम सामाजिक, ऐतिहासिक, नाचगाण्यांचे, चरित्रपट अशा तऱ्हेतऱ्हेच्या शंभरावर चित्रपटांची वेशभूषा या एका बाईने केली आणि प्रत्येक वेळी ती वेगळी केली, एवढंच त्या लेखाचं म्हणणं होतं. त्यावर ‘एक चित्रपटरसिक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी चार गोष्टी लिहिल्या. पहिली, ‘गांधी’चं ऑस्कर भानूताईंना एकटीला नव्हतं, जॉन मोलो यांच्यासोबत होतं, आणि ते मी लपवलं. दुसरी, कोल्हापूरकरांना कोल्हापूरचं ते सगळंच थोर वाटतं. तिसरी, जुन्या चित्रपटांत कुठला पोशाख कोणी केला याच्या नोंदी धड नाहीत, शिवणारे कारागीर तर अनामच राहिले, मग सगळं श्रेय एकीच्या पदरात कसं घालता? आणि चौथी, जशीच्या तशी उतरवते: “वैविध्य दिग्दर्शकाचं असतं, नटाचं असतं. ह्या बाई सांगतील ते शिवून देत होत्या. शिंप्याला काय, आज लेहंगा, उद्या धोतर. शेवटी शिवणकामच ते.”

पहिली गोष्ट मान्य. मोलो यांचं नाव यायला हवं होतं, ते राहिलं. लपवलं नाही, राहिलं. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत नाही. एप्रिल १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला वेशभूषेचं ऑस्कर जाहीर झालं ते दोघांच्या नावाने. ब्रिटिश माणसं आणि लष्कराचे गणवेश ही बाजू मोलो यांची, भारतीय माणसांची बाजू भानूताईंची. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे.

पण मोलोंचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्यांच्याबद्दल आणखी थोडं बोलू. लष्करी गणवेशांचा अभ्यास करणारा हा माणूस. ‘गांधी’च्या आधी त्यांना एक ऑस्कर मिळालेलं होतं, आणि ते होतं १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी. अंतराळातले सैनिक, मग ‘एलियन’मधले जहाजावरचे कामगार, मग जालियनवाला बागेतले गोरे अधिकारी. मोलोंचं नाव तुम्ही आदराने घेतलंत, ‘विख्यात वेशभूषाकार’ असं लिहिलंत. तेच काम, तोच चित्रपट, तीच बाहुली दोघांच्या हातात. तरी ते ‘विख्यात वेशभूषाकार’ आणि या ‘ह्या बाई’? हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण लिहून पाठवायच्या आधी एकदा वाचून बघायला हवं होतं.

आता ते शेवटचं वाक्य. बाकी काही नसतं तर मी उत्तर दिलंही नसतं. या वाक्यासाठी लिहिते आहे.

माझे वडील शिंपी होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आठ बाय दहाचं दुकान, दोन मशिनं, मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत ब्लाउज. त्यामुळे ‘शिंप्याला काय’ हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गिऱ्हाइकांकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले, आणि आता माझ्याच ब्लॉगवर वाचले. शिंप्याला काय, हे मी सांगते. माणूस दुकानाची पायरी चढत असताना बाबा त्याच्याकडे बघायचे आणि टेप हातात घ्यायच्या आधी कोणता खांदा उतरता आहे ते त्यांना कळलेलं असायचं. कोणाचेच दोन्ही खांदे सारखे नसतात. वहीत मापाशेजारी ते बारीक अक्षरात ‘डा. उ.’ लिहायचे, डावा उतार. त्या माणसाला स्वतःलाही ते माहीत नसायचं. सदरा अंगात घातल्यावर तो फक्त म्हणायचा, बरोबर बसला.

मी स्वतः शिवणकामात पडले नाही, पण कॉलेजात असताना हौशी नाटकांत कपडेपट सांभाळला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका मंडळाचं नाटक होतं, बेचाळीस सालातलं कुटुंब, वडील पोस्टात कारकून. मी दुकानातून नवी धोतरं आणि सदरे आणले. रंगीत तालमीला दिवे लागले आणि सगळा पांढरा रंग डोळ्यांवर आला. नटांचे चेहरे काळवंडून गेले, दिसत होते ते नुसते सदरे. मी रडत घरी आले. बाबांनी काही न बोलता घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काढलं, त्यात चहापूड उकळली, गाळली, मूठभर मीठ टाकलं आणि एकेक कपडा बुडवून काढला. सुकल्यावर कॉलर आणि बाह्यांच्या कडा विटेच्या तुकड्याने घासल्या. मग त्या कारकुनाच्या सदऱ्याचा खिसा ओला केला, त्यात दोन गोटे घातले आणि सदरा रात्रभर खुंटीला टांगून ठेवला. सकाळी खिसा लोंबला होता. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, तीस वर्षं याच खिशात किल्ल्या आणि तपकिरीची डबी राहिली असेल ना त्याची.

पुढच्या वर्षी त्याच मंडळाने फार्स केला. मी शहाणी झाले होते, पुन्हा चहापूड उकळायला घेतली. बाबांनी गॅस बंद केला. म्हणाले, इथे जुनं दिसून उपयोग नाही, इथे शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे. मोठ्या चौकड्यांचं कापड, अर्धं माप सैल. शिवाय दुसऱ्या अंकात नायकाची बाही हिसडा बसल्याबरोबर खांद्यापासून सुटायची होती, दर प्रयोगात, त्याच क्षणी. त्यासाठी मुंढ्याला कच्चा धावदोरा घालायचा आणि प्रत्येक प्रयोगानंतर उसवून पुन्हा घालायचा. घट्ट घातला तर बाही सुटत नाही आणि हशा जातो. सैल घातला तर पहिल्याच अंकात सुटते. तो दोरा किती सैल ठेवायचा हे जमायला मला चार तालमी लागल्या.

तेच दुकान, तेच मशिन, तोच माणूस, तीच सुई. पण गंभीर नाटकाचं शिवणकाम आणि फार्सचं शिवणकाम या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही कधी सुईत दोरा तरी ओवला आहे का, असं विचारावंसं वाटतं. विचारतेच.

आता भानूताईंकडे येते. लेखात जे लिहिलं होतं ते तुम्ही पूर्ण वाचलं असेल याबद्दल मला शंका आहे, म्हणून लेखात नसलेलं एक उदाहरण देते. ‘गांधी’ची कथा, सुरुवातीचा हत्येचा प्रसंग सोडला, तर १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू होते. ‘लगान’ची कथाही १८९३ मधली, चंपानेरची. साल एक आणि वेशभूषाकार तीच. एका ठिकाणी आगगाडीच्या पहिल्या वर्गात बसलेला तरुण बॅरिस्टर, अंगावर नीट बेतलेला सूट, ताठ कॉलर. त्या कपड्यांवर त्याचा विश्वास आहे. आपण असे कपडे घातले की आपल्याला इथे बसू देतील असं त्याला वाटतं, आणि म्हणूनच त्याला सामानासकट खाली उतरवतात तेव्हा तो अपमान आपल्याला कळतो. दुसऱ्या ठिकाणी पावसाची वाट बघणारं गाव, जाडंभरडं सुती कापड, मातीत मुरलेले रंग. शिवाय त्या कपड्यांत अकरा जणांना धावायचं आहे, पडायचं आहे, चेंडू टाकायचा आहे. आणि मैदान एवढं मोठं की चेहरे दिसत नाहीत, तरी कोण कोण आहे ते दुरून फेट्यावरून, बंडीवरून, केसांवरून ओळखू येतं. पुन्हा एकदा ‘लगान’ लावा आणि आवाज बंद करून शेवटचा एक तास बघा.

‘गांधी’मध्ये तर कपडा हीच कथा आहे, हे वेगळं सांगायला हवं का? सूट गेला, १९१५ मध्ये मायदेशी परतताना काठियावाडी वेश आला, पुढे १९२१ मध्ये पंचा. विलायती कापडाची होळी झाली, चरखा आला. चित्रपटात एक प्रसंग आहे. नदीकाठी फाटक्या वस्त्रातली एक बाई दिसते आणि गांधी आपलं कापड पाण्यावर सोडून देतात, वाहत तिच्यापर्यंत जाऊ देतात. त्या प्रसंगात सगळ्यांचं लक्ष पांढऱ्या कापडाकडे जातं. मी त्या बाईच्या अंगावरच्या वस्त्राकडे बघते. दुकानात फाटकं वस्त्र विकत मिळत नाही. ते कोणीतरी तसं केलेलं असतं, किती फाटलेलं, कुठे विरलेलं, किती धुतलेलं, हे ठरवून. जरा जास्त झालं तर सोंग वाटतं, कमी पडलं तर गांधींनी कापड सोडण्याला अर्थ उरत नाही. हे ‘सांगतील ते शिवून देणं’ आहे?

आणि हेच हात १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजला नारिंगी साडी देतात, जी साडी नेसायची नसून अंगात चढवायची आहे, कारण त्या नाचात निऱ्या टिकणारच नाहीत. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली जातात, कारण वैशालीच्या नर्तकीला विसाव्या शतकातलं झंपर घालून चालणार नाही. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनाच्या अंगावर तंग कुडता आणि चुडीदार येतो, आणि नंतर काही वर्षं गावोगावच्या शिंप्यांकडे मुली तोच मागतात. आमच्या दुकानातही मागायच्या. बाबा ‘साधना’ एवढंच लिहायचे वहीत, पुढे फक्त माप. याचा पुरावा म्हणून ती वही माझ्याकडे आहे.

काळ्यापांढऱ्या चित्रपटांचं तर तुम्ही नावही काढलं नाही. ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’ हे सगळे रंगाविना. तिथे लाल साडी आणि हिरवी साडी पडद्यावर एकाच राखाडी छटेची दिसू शकते. म्हणजे रंग बघून कापड निवडायचं नाही, त्याची पडद्यावरची छटा मनात धरून निवडायचं, आणि छटेत भागलं नाही तर पोत, काठ, चमक यांच्यावर भिस्त ठेवायची. ‘साहिब बीबी और गुलाम’मधली छोटी बहू झालेल्या मीनाकुमारीच्या साडीचा काठ चेहऱ्याभोवती कसा येतो ते बघा. जमीनदाराच्या घरातली श्रीमंती आणि त्या बाईचं एकटेपण, दोन्ही त्या पदरात आहे. पुढे रंगीत चित्रपट सर्रास झाले तेव्हा हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. तोही त्यांनी मांडला.

दिग्दर्शक सांगतो, हे मला मान्य आहे. पण दिग्दर्शक काय सांगतो? म्हणतो, मला १८९३ चं गाव हवं. एवढंच. पगडीला किती पीळ, बाराबंदीला किती बंद, विधवेच्या पदराला काठ हवा की नको, हे तो सांगत नाही. गुलजार, गुरुदत्त, राज कपूर, रिचर्ड अॅटनबरो, आशुतोष गोवारीकर. या पाच जणांच्या चित्रपटांत एकमेकांसारखं काय आहे? काहीच नाही. आणि या पाचही जणांनी कपड्यांसाठी दार कोणाचं ठोठावलं, हे तुम्हीच बघा. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मध्ये अकरा वर्षांचं अंतर, एक राजस्थानातल्या वाळूतली भूतकथा आणि दुसरा क्रिकेटचा सामना. ते पुरस्कारही बहुतेक शिवणकामालाच दिले असावेत, असं तुमचं म्हणणं असेल तर माझं खरंच काही म्हणणं नाही.

कोल्हापूरच्या मुद्द्यावर एवढंच: हो, मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. भानूताई १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मल्या, त्यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार, मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबुराव पेंटर यांच्या कामाशी जोडलेले. वडील लहानपणीच गेले. पुढे त्या मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, त्या चित्रकारांमध्ये ही एकच मुलगी. ती चित्रकलेतच राहिली असती तर तुम्ही तिला ‘ह्या बाई’ म्हटलं नसतं. तिने कुंचला ठेवून कात्री घेतली, म्हणून तुमच्या लेखी तिची पायरी उतरली. माझा राग त्यावर आहे, कोल्हापूरवर कोणी काही बोललं म्हणून नाही.

नोंदींचा आणि कारागिरांचा मुद्दा मोठा आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे तो आणायचं कारण नव्हतं. एका माणसाचं काम कमी लेखायला दुसऱ्या शंभर माणसांची नावं पुढे करायची, याला मी कारागिरांची कदर म्हणणार नाही. आणि कारागीर अनाम राहतात हे मला कोणी शिकवू नये. त्या नाटकाची पत्रिका अजून माझ्याकडे आहे. ‘कपडेपट’ या शब्दापुढे माझं नाव आहे. ज्यांनी चहात कपडे बुडवले, खिशात गोटे घातले, त्यांचं नाव नाही. मी मंडळाला दोनदा सांगितलं होतं. पत्रिका छापून झाली आहे, असं उत्तर आलं, आणि फार्सच्या वेळीही तेच झालं. बाबा दोन्ही प्रयोगांना तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या प्रयोगात पोस्टातला कारकून खिशात हात घालून उभा राहिला तेव्हा ते माझ्याकडे वळून बघत होते, मी विंगेत होते, मला दिसले.

तुम्ही ‘लेखिकेने भावनेच्या भरात लिहिलं आहे’ असंही म्हटलं आहे. भावना आहेच. पण वर जी सालं, जे चित्रपट, जी नावं दिली आहेत त्यांत भावना कुठे आहे ते दाखवा, मी खोडून टाकते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण लेख पुन्हा वाचून द्या, आणि माणसाबद्दल लिहिताना त्याचं नाव लिहा. मोलोंचं नाव मूळ लेखात चौथ्या परिच्छेदात घातलं आहे, दुरुस्तीची तारीख खाली दिली आहे. ‘लेकिन’वरचा लेख याच आठवड्यात येणार होता, तो या उत्तरामुळे लांबला. रविवारी टाकते. त्यासोबत बाबांच्या वहीच्या त्या पानाचा फोटोही देईन, गिऱ्हाइकांची नावं झाकून.